बोअर अडुसष्ट, मोह बहात्तरचा

फियाट ११००, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नावं बदलली, ग्रिल बदलली, डॅशबोर्ड बदलला. बॉनेटखालचं पेट्रोल इंजिन मात्र शेवटपर्यंत १०८९ सीसीचंच राहिलं. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मि.मी. हे माप प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ठरलेलं नव्हतं. १९३७ साली इटलीत फियाटने ५०८ सी नावाची गाडी आणली, तेव्हा हे माप पहिल्यांदा कागदावर आलं. तिथून पद्मिनीचं उत्पादन थांबेपर्यंत साठ वर्षांहून जास्त काळ ते टिकलं. इतकं दीर्घायुष्य फार थोड्या मापांना लाभलं असेल.

अशी गाडी ज्यांच्याकडे अजून चालती आहे त्यांच्यावर एक दिवस येतोच. इंजिन ऑइल खायला लागतं, सायलेन्सर निळा धूर मारतो, चढावर पिकअप राहत नाही. इंजिन उतरवलं जातं, बोअर झिजल्याचं निदान होतं आणि प्रश्न उभा राहतो: बोअर करायचंच आहे तर जरा मोठंच का करू नये? दुसऱ्या एखाद्या गाडीचे मोठे पिस्टन बसवून १०८९ चे १२०० सीसी करता येतील का? आणि आलेच करता, तर करावेत का? या प्रश्नाला इंजिनिअरिंगची बाजू आहे, इतिहासाची आहे, बाजारात काय मिळतं याची आहे आणि आता कायद्याचीही आहे. चर्चा बहुधा पहिल्याच बाजूवर अडते, म्हणून चारही एकत्र पाहणं बरं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हा प्रश्न अजून जिवंत राहण्याला कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता, पण दुसरा कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ याच आवारातून बाहेर पडली. प्यूजोचा संसार दोन-तीन वर्षांत मोडला, तरी प्रीमियर कॉलनी आणि प्रीमियर ग्राउंड ही नावं तिथे अजून चालतात. या पट्ट्यात प्रीमियरमध्ये हयात घालवलेली माणसं आहेत. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीत बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारी मशीन शॉप्स आहेत. आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली, वडिलांनी नंबर लावून घेतलेली एखादी पद्मिनी आहे.

आधी हिशेब मांडू, म्हणजे किती मिळवायचं म्हणतोय ते कळेल. सिलिंडरची सीसी बोअरच्या वर्गावर अवलंबून असते. स्ट्रोक ७५ वर कायम ठेवला, तर ६८ च्या बोअरला १०८९ सीसी. झीज काढण्यासाठी अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज घेतली की ११०६. पूर्ण एक मिलिमीटर, म्हणजे ६९ चा पिस्टन घातला की ११२२. दुरुस्तीची नेहमीची हद्द इथेच संपते. ७२ ला १२२१, ७४ ला १२९०. म्हणजे ६८ वरून ७२ वर गेलं की १३२ सीसी, सुमारे १२ टक्के, पदरात पडतात. टॉर्क साधारण त्याच प्रमाणात वाढेल अशी आशा धरता येते. शक्ती तेवढी वाढेलच असं नाही, कारण शक्ती इंजिन किती हवा ओढतं यावर ठरते आणि हवा ओढण्याच्या वाटा, म्हणजे व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, आहेत त्याच राहतात. पद्मिनीची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. नुसत्या पिस्टनच्या जोरावर ती ४४-४५ पलीकडे जाईल असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा सावधपणेच पाहावं.

७२ चा आकडा कुणा मिस्त्रीच्या डोक्यातून आलेला नाही, आणि या विषयातली सगळ्यात मजेशीर गोष्ट तीच आहे. फियाटने स्वतः ते केलं होतं. १९५७ मध्ये आलेल्या फियाट १२०० ग्रानलुचे या गाडीचं इंजिन ७२ बाय ७५, म्हणजे १२२१ सीसीचं आणि ५५ अश्वशक्तीचं होतं. पुढे १९६२ ला इटलीत ११०० डी आली तीही प्रत्यक्षात १२२१ सीसीची होती. नाव मात्र अकराशेच. आपल्याकडे १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून जी बनली ती याच ११०० डीची बहीण, पण तिच्या पोटात जुनं १०८९ च राहिलं. म्हणजे इटालियन गिऱ्हाइकाला मिळालेले १३२ सीसी आपल्याला मिळालेच नाहीत. पिस्टन बदलून ते वसूल करू पाहणारा माणूस एका अर्थी जुनी थकबाकीच मागतोय!

फ्रान्समध्ये तर याहून पुढची मजल मारली गेली. तिथे सिम्का फियाटच्या परवान्याने गाड्या बनवत असे. सिम्का ८ मध्ये हेच १०८९ सीसीचं इंजिन होतं. १९४९ च्या सुमारास त्याच गाडीत १२२१ सीसी आले, तेही ७२ बाय ७५ च. मग १९५५ च्या शेवटी आरोंद या गाडीला 'फ्लॅश' नावाचं इंजिन दिलं गेलं: ७४ बाय ७५, १२९० सीसी. आमेदे गोर्दिनी हा सिम्काच्या इंजिनांवर शर्यतीच्या गाड्या बांधणारा कसबी माणूस. त्याने याच घराण्यातून १४३० सीसीपर्यंतची इंजिनं काढली. स्ट्रोक ७५ वरच ठेवून बोअर ६८, ७२, ७४ असा वाढत गेलेला हा प्रवास पाहिला की मोह होणारच.

मोहात पडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की कारखान्याला ७२ चं बोअर हवं असतं तेव्हा तो ब्लॉक ओततानाच भिंती त्या हिशेबाने ठेवू शकतो. आपल्या हातात आहे तो ६८ साठी ओतलेला ब्लॉक. त्याच्या आतल्या पाण्याच्या वाटांना वर्षानुवर्षं गंज चढलेला असतो आणि ओतकामाच्या वेळी गाभा जरा सरकला असेल तर एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची पातळ असते. व्यास ४ मि.मी. वाढवला की प्रत्येक भिंतीतून २ मि.मी. लोखंड जातं आणि शेजारच्या दोन सिलिंडरमधलं अंतर ४ मि.मी.ने कमी होतं. भिंत किती उरणार हे अल्ट्रासॉनिक मापकाने प्रत्येक सिलिंडरला चारी बाजूंनी, वर-मध्ये-खाली मोजल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. "आमच्याकडे एक केली होती, अजून चालतेय" हे मोजमाप नव्हे. तो ब्लॉक वेगळा, तुमचा वेगळा.

आणि शक्तीच हवी असेल तर सीसी वाढवणं हा एकच रस्ता आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तुरिनमध्ये चिसितालिया कंपनीने याच १०८९ सीसीच्या इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधल्या. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी अशाच एका चिसितालिया २०२ मधून दुसरा आला. पुढे पळणारी आणि मागे पडलेली अनेक इंजिनं त्याच्याहून कितीतरी मोठी होती. याच २०२ ची एक कूपे न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेली आहे. म्हणजे आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या इंजिनाचा सख्खा भाऊ संग्रहालयात बसलाय. त्या इंजिनात बोअर वाढवलेलं नव्हतं. कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, कॅम यांवर काम केलं होतं. ज्याला खरोखर जोर हवाय त्याने आधी हेड, टायमिंग आणि कार्ब्युरेटर यांच्याकडे पाहावं. बोअर शेवटी.

तरीही आपल्याकडे 'दुसरे पिस्टन' हा विषय निघतो त्याला बऱ्याचदा हौस कारण नसते, नाइलाज असतो. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर रिंग-पिस्टनला खप होता. टॅक्सी गेल्या, खप गेला. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना साठा अधूनमधून निघतो, पण नेमकं हवं ते ओव्हरसाइज माप, चारही एकाच वजनाचे, एकाच बनावटीचे, असं जुळून येणं नशिबाचा भाग. मग माणूस शेजारच्या शेल्फकडे बघतो. तिथे मारुतीचे आणि फियाटच्याच नंतरच्या गाड्यांचे पिस्टन हारीने लावलेले असतात.

आणि आकडे खरंच भुरळ घालणारे आहेत. मारुती ८०० चं बोअर ६८.५. फियाट पालिओच्या १.२ लिटर इंजिनाचं ७०.८. मारुती झेनच्या ९९३ सीसीच्या इंजिनाचं ७२, थेट ग्रानलुचेचं माप. एस्टीमचं ७४, म्हणजे सिम्का फ्लॅशचं. कागदावर सगळं कसं घातल्यासारखं बसतं! पण बोअर हे पिस्टनच्या अनेक मापांपैकी फक्त एक माप आहे, आणि बाकीची मापं न पाहता केलेली खरेदी म्हणजे फक्त छातीचं माप देऊन शिवलेला कोट.

बाकीच्या मापांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड जुनेच असल्याने पिन किती वर येणार हे ठरलेलं असतं. पिस्टनचा माथा कुठे थांबणार हे या उंचीवर ठरतं. समजा, आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसातास एक आहे. मग एका सिलिंडरचे २७२ सीसी आणि वरची ज्वलनाची जागा सुमारे ४२ सीसी. बोअर ७२ केलं, माथा होता तिथेच थांबला आणि हेडमध्ये काही बदल केला नाही, तर सिलिंडर ३०५ सीसीचा होतो आणि कॉम्प्रेशन आपोआप ८.३ च्या आसपास जातं. हे चांगलंच झालं. पण नव्या पिस्टनची उंची २ मि.मी. कमी असेल, तर माथा तेवढाच खाली थांबतो, वर ८ सीसी जादा पोकळी राहते आणि कॉम्प्रेशन ७.१ वर घसरतं. इंजिन मोठं झालं, खर्च झाला आणि कॉम्प्रेशन पहिल्यापेक्षा कमी! 'पिस्टन बदलले पण फरक पडला नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. उलट उंची एखाद-दोन मिलिमीटर जास्त असेल तर माथा ब्लॉकच्या वर डोकावून हेडला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकतो. म्हणून बांधणीच्या आधी एक सिलिंडर कच्चा जोडून, माथ्यावर मऊ मातीची पट्टी ठेवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा आणि उमटलेला ठसा कापून जाडी मोजायची, ही जुनी रीत सोडू नये.

दुसरं माप पिनच्या जाडीचं. पिन बारीक असेल तर कनेक्टिंग रॉडच्या डोळ्यात नवं बुश घालून ते रीम करावं लागतं. जाड असेल तर रॉडच कोरावा लागतो, आणि इथून पुढे काम बिघडत जातं. पिन रॉडमध्ये फिरती आहे की दाबून घट्ट बसवलेली, हाही प्रश्न असतो. नव्या काळातल्या अनेक इंजिनांत ती दाबून बसवतात, जुन्यांत फिरती ठेवून कडेला सरक्लिप लावतात. तिसरं वजन. पिस्टन जड झाले तर प्रत्येक फेऱ्याला रॉड आणि बेअरिंगवर येणारा झटका वाढतो, आणि फियाट ११०० च्या क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंग तीनच. नवे पिस्टन हलके निघाले तर उत्तमच. चारही मात्र काट्यावर ठेवून एकसारखे करायचे. चौथी गोष्ट हेड गॅस्केटची. ६८ साठी बनवलेली गॅस्केट ७२ च्या बोअरवर टाकली तर तिची आतली पत्र्याची कडी सिलिंडरमध्ये डोकावते. ती तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. मग कुणीतरी म्हणतं पेट्रोल वाईट आहे.

नव्या पिस्टनचा एक खरा फायदा मान्य करायला हवा. त्यांच्या रिंगा पातळ असतात, घर्षण कमी होतं, ऑइलवरचा ताबा चांगला राहतो. धातूशास्त्रही सुधारलंय. ॲल्युमिनियम उष्णतेने ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन आणि भिंत यांच्यात काही शतांश मिलिमीटरची फट ठेवावी लागते. ती किती हे पिस्टन बनवणाराच सांगतो. झेनचा पिस्टन घालून फियाटच्या पुस्तकातली फट ठेवली, की इंजिन एक तर थंड असताना खडखडतं किंवा गरम झाल्यावर आवळतं. फट पिस्टनची असते, गाडीची नाही, हे वाक्य मशीन शॉपच्या दारावर लिहून ठेवण्याजोगं आहे.

ब्लॉक मोजण्याच्या टेबलाशी पाच मिनिटं उभं राहिलं तर या वादातला निम्मा भाग मिटतो. मिस्त्री सिलिंडरच्या वरच्या काठाशी नख फिरवतो. रिंग जिथपर्यंत जाते त्याच्या वर एक कंगोरा राहिलेला असतो, तो नखाला लागतो. मग डायलचं बोअर गेज आत सोडतो, काटा हलकेच डुलवून सगळ्यात कमी आकडा धरतो आणि खडूने ब्लॉकवर लिहितो: वर, मध्ये, खाली, एकदा क्रँकच्या दिशेने आणि एकदा आडवं. वरचं माप खालच्यापेक्षा जास्त निघतं, त्याला टेपर म्हणतात. आडवं माप उभ्यापेक्षा जास्त, ती ओव्हॅलिटी, कारण पिस्टन भिंतीला त्या बाजूने रेटत असतो. चारही सिलिंडरचे आकडे लिहून झाले की जो सगळ्यात जास्त झिजलाय तोच बाकी तिघांचं माप ठरवतो. तीन सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइजने साफ होणार असतील आणि चौथ्यावर खोल ओरखडा असेल, तर चौघांनाही पुढच्या मापावर जावं लागतं. मालकाची हौस इथे चालत नाही. खडूचे आकडे बोलतात.

ओव्हरसाइजची हद्द संपली की मग लायनर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरमध्ये दाबून बसवायची लोखंडी नळी. इथे एक गंमत आहे आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. ६८ चं मूळ माप परत आणायचं तर साधारण २ मि.मी. जाडीचा लायनर घालतात आणि त्यासाठी ब्लॉक ७२ च्या आसपासच कापावा लागतो. म्हणजे मोठा पिस्टन बसवणारा आणि मूळ मापावर परतणारा, दोघेही ब्लॉकमधून जवळपास तेवढंच लोखंड काढतात! फरक पुढचा आहे. लायनर घातला की कापलेल्या पातळ भिंतीला आतून नवं, चांगल्या प्रतीचं लोखंड आधाराला मिळतं आणि पुढे पुन्हा ओव्हरसाइजच्या दोन-तीन पायऱ्या शिल्लक राहतात. ७२ चा पिस्टन थेट बसवला की उरलेली भिंतच सगळा दाब सोसते, आणि पुढच्या झिजेला काही जागा राहत नाही. कुठे बारीक भेग असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ब्लॉक गेला. आज पद्मिनीचा ब्लॉक नवा मिळत नाही. एकाच कापात इंजिनाचं शेवटचं आयुष्य खर्चून टाकायचं की परतीची वाट ठेवायची, हा निर्णय त्या क्षणी होतो. माझं मत लायनरच्या बाजूने आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

प्रीमियरच्याच ११८ एनईची गोष्ट मात्र वेगळी. १९८५ च्या सुमारास आलेल्या या गाडीचं अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निसानचं ए १२, ११७१ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ७०. या घराण्यात निसानने स्वतः ७५ मि.मी.च्या बोअरचं १२३७ सीसीचं इंजिन काढलं, तर १४८८ सीसीचं भावंड ७६ च्या बोअरवर उभं होतं. इथे वाढ फक्त २ मि.मी.ची आहे, भिंतीतून एक-एक मिलिमीटरच जातो, आणि जगभर या इंजिनांवर काम करणारे लोक असल्याने मापांची माहितीही मिळते. ज्याला मोठ्या पिस्टनचा प्रयोग करायचाच आहे त्याने तो पद्मिनीवर न करता ११८ एनईवर करावा. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या ब्रिटिश इंजिनालाही मोठी भावंडं होती, अगदी १७९८ सीसीपर्यंत. पण ज्याला जोर हवा होता त्याने सरळ इसुझुच्या १८०० सीसी इंजिनाची गाडी घेतली आणि विषय संपवला. बुलेटवाल्यांचं त्याहून सोपं. ३५० आणि ५०० या दोन्हींचा स्ट्रोक ९० च, बोअर ७० ऐवजी ८४. पण त्यातही सिलिंडरचा अख्खा बॅरलच बदलतो, आणि कारच्या ब्लॉकला ती सोय नाही.

समजा, सगळं जमलं आणि १२२१ सीसीचं इंजिन पद्मिनीत बसलं. पुढे काय? कार्ब्युरेटरचे जेट बदलावे लागतात, नाहीतर जास्त हवेला पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते स्वतःच मिश्रण पातळ करतं, म्हणजे जेटचा हिशेब दुहेरी. त्याचा ऑक्टेन ९५ असल्याने वाढलेलं कॉम्प्रेशन इंजिन ठोके न देता सोसतं, हा अनपेक्षित लाभ. पण जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम मात्र बदलायलाच हवा. रेडिएटर तोच, पंखा तोच, आणि उष्णता बारा टक्के जास्त. मोकळ्या रस्त्यावर, कसाऱ्याचा घाट चढताना, वाढलेला टॉर्क खरोखर जाणवेल. दुसऱ्या गिअरची वेळ तिसऱ्यावर भागेल. पण या गाड्या वर्षातून किती वेळा कसारा चढतात? त्यांचं आयुष्य पत्रीपुलाच्या आणि घोडबंदर रोडच्या गर्दीत जातं, जिथे सीसी नव्हे, पाण्याचं तापमान ठरवतं तुम्ही घरी कधी पोहोचणार. आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, हेही विसरून चालत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाच्या विरोधातले बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलं. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाची क्षमता सीसीमध्ये लिहिलेली असते. झिजेपोटी केलेली, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतली ओव्हरसाइज म्हणजे दुरुस्ती, यावर कुणी वाद घालणार नाही. १०८९ ची १२२१ करणं ही दुरुस्ती नव्हे. विम्याच्या तृतीय पक्ष हप्त्यात १००० ते १५०० सीसी हा एकच गट आहे, त्यामुळे हप्ता बदलत नाही. पण हप्ता न बदलणं आणि बदल मान्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघाताच्या दाव्यात सर्व्हेअरने इंजिन उघडलं तर तो हा फरक कळेल इतका हुशार असतो.

पन्नाशी गाठलेल्या गाड्यांसाठी तर हिशेबच उलटा झालाय. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल नसलेली, ही व्हिंटेज. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. डिलाइट आणि प्रेसिडेंट केव्हाच या वयाच्या झाल्या आणि १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता या उंबऱ्यावर आहेत. नेमक्या या वेळी बोअर ७२ करून इंजिनाचं मूळपण घालवणं म्हणजे हाती आलेली सवलत स्वतःच परत करणं. जागतिक स्तरावर जुन्या गाड्यांची मानकं ठरवणारी फिवा ही संस्थाही गाडी ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखली गेली आहे का, हेच आधी पाहते. गाडीच्या काळात केलेले बदल ती वेगळ्या नजरेने बघते. गेल्या वर्षी एमआयडीसीत केलेल्या बदलाला तो मान मिळणार नाही.

मग करायचं काय? पन्नाशीच्या आसपासची फियाट किंवा पद्मिनी असेल आणि ओव्हरसाइजची हद्द संपली असेल, तर लायनर घालून ६८ वर परत या. पर्यायी पिस्टन वापरावाच लागला तर बोअर मूळ मापाच्या जवळ राहील, उंची आणि पिन जुळेल आणि चौघांचं वजन एक असेल असाच घ्या. तयार मिळत नसेल तर पिस्टन बनवणाऱ्या कारखान्याला विचारून पाहा. आपल्या कोल्हापुरातच मेनन पिस्टन्ससारखा पिस्टनचा मोठा उद्योग आहे आणि चार-पाच मालक एकत्र आले तर पाच-सहा संचांची मागणी घेऊन जाणं अशक्य नाही. नव्वदच्या दशकातली, व्हिंटेज व्हायला अजून वेळ असलेली ११८ एनई असेल आणि हौस दांडगी असेल, तर ७५ चा विचार करा. पण आधी भिंती मोजून घ्या आणि आरटीओत, म्हणजे ठाण्यात एमएच-०४ किंवा कल्याणात एमएच-०५ च्या कार्यालयात, हा बदल नोंदवून मिळतो का हे लेखी विचारा. मिळत नसेल तर तिथेच थांबा.

आणि तुमच्याकडे पद्मिनीचा एखादा न कापलेला, ६८ च्या मूळ बोअरचा जादा ब्लॉक पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका. ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि जवळच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना तसं कळवा. त्याला घेणारा येईल.